सोयऱ्यांचा पंप

माझ्या बहिणीच्या सासरचा पंप बिघडला की माझी बहीण माहेरी यायची. सणाला नाही, दुखण्याखुपण्याला नाही, बाळंतपणाला तर नाहीच. पंपाचा मोडलेला भाग जुन्या धडप्यात गुंडाळायचा, तो पिशवीत घालायचा, भोकरदनहून जालना आणि जालन्याहून अंबडच्या बाजूला आमचं गाव, अशी एसटी बदलत ती यायची. मग तसाच चांगला भाग आमच्या आडावरच्या पंपातून काढून घेऊन परत जायची. भाग मिळेपर्यंत तिला सासरचं दार बंद. यातलं काहीच मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायची सवय मला आहे, पत्रकं लिहून लिहून लागलेली, पण इथं तिचं काम पडत नाही.

दोन्ही घरी पंप एकच होता. ओतीव लोखंडाचा, हिरव्या रंगाचा, दोघांनी मिळून उचलावा लागेल एवढा जड. आमच्या आजोबांनी आणि तिच्या आजेसासऱ्यांनी तो जालन्याच्या एकाच दुकानातून घेतलेला. तेव्हा दोघं एकमेकांना ओळखतही नव्हते. पुढं कंपनी बुडाली, दुकानदारानं दुसऱ्या मालाचं दुकान टाकलं, आणि आपापल्या गावात हे दोन पंप तेवढे राहिले. लग्नाच्या बैठकीत हे निघालं. देण्याघेण्याचं ठरलं होतं, पानसुपारी फिरत होती, तेव्हा व्याही सहज म्हणाले, "पंप चांगलाय हो, पण सामान मिळत न्हाई आता."

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, खुशीत होते. म्हणाले, "मंग आमचा पंप कुणाचाय? काय लागंल ते आमच्या आडावरून न्या. पोरगी दिली तिथं लोखंडाचं काय?"

पाच माणसं हसली. कोणीतरी मांडीवर थाप मारली. अशा बोलण्याला आमच्याकडे काही अर्थ नसतो. पाहुण्याला आपण म्हणतोच, घर तुमचंच आहे. म्हणून तो दुसऱ्या दिवशी ट्रक लावून घरातलं सामान भरत नाही.

सोयऱ्यांनी ट्रक लावला.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आक्का, माझी बहीण, एकटी आली. अंगावर चांगलं लुगडं आणि त्याच्या निऱ्यांना ग्रीसचे काळे डाग. माय धावली.

"आगं, अशी एकाएकी? जावई कुठंयत?"

"न्हाई आले. फूटवॉल मागितलाय."

"कुणी मागितलाय?"

"समद्यांनी."

फूटवॉल म्हणजे पाण्यात बुडालेल्या पाइपाच्या टोकाची झडप. ती पाइपातलं पाणी खाली पडू देत नाही. ती गेली की मोटार नुसती घरघर करते, पाणी उचलत नाही. दादांना त्या दिवशी रागाऐवजी अभिमान वाटला, हे मी स्वतः पाहिलंय. पारावर जाऊन त्यांनी सांगितलं, "सोयऱ्यानं हक्कानं मागितलं बघा." मग दोघं गडी लावून पाइप वर ओढला, फूटवॉल सोडवला, रॉकेलनं घासून लखलखीत केला आणि लेकीच्या पिशवीत ठेवला. आमच्या पाइपाला बाजारातला नवा फूटवॉल लावला. त्याचे आटे बसेनात. सूत गुंडाळलं, सफेदा लावला, तरी रात्रीतून पाइप रिकामा व्हायचा. मग रोज सकाळी मायनं आधी पोहऱ्यानं पाणी शेंदायचं, ते घागरीनं पंपाच्या तोंडात ओतायचं, आणि पंपाची तहान भागली की मग पंप आम्हाला पाणी देणार. दादा म्हणायचे, "चालतंय की! थोडं पाणी पाजलं की चालतंय."

पाजणारी कोण, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

तिकडं पंप बंद पडला की काय होतं, हे मला आक्कानं पुढच्या खेपेला सांगितलं. सांगितलं म्हणजे हात दाखवले. दोरानं तळवे सोलून निघाले होते, बोटं मिटत नव्हती. पंप चालू असेपर्यंत त्या घरात ती तीन सुनांतली एक सून. पंप बंद पडला की माणसांचं, गोठ्याचं, धुण्याचं, सगळं पाणी तिनं एकटीनं शेंदायचं. थोरल्या दोघी जावांनी दोराला हात लावायचा नाही. सासूचा हुकूमच होता. "हिच्या बापानं पाच माणसांत शबूद दिलाय. बापाचा पंप येत न्हाई तवर हीच पंप."

जावांना ते आवडलं. रोज पहाटे त्या तिला हाक मारायच्या, "ए, पंप चालू करा गं!" नवरा, म्हणजे आमचे दाजी, गोठ्याच्या दारात दात घासत उभे असायचे आणि हसायचे. आक्का मला म्हणाली, "त्येंला काय म्हणू? त्ये हसतेत, मारत तर न्हाईत."

त्या खेपेला पंखा गेला होता. पाणी उचलणारा, पंपाच्या पोटात फिरणारा पितळी पंखा. त्याच्या पात्या झिजून वस्तऱ्यासारख्या झाल्या होत्या. आक्काला दिवस गेले होते. पोटावर पिशवी धरून ती आली, पंखा मांडीवर घेऊन बसली, आणि मायनं तिला आधी पाणी द्यावं की आधी पंखा घ्यावा, हे कोणालाच सुचेना.

दादा म्हणाले, "ह्या वक्ताला आपला काढायचा न्हाई. जालन्याहून नवा आणू."

मी तेव्हा जालन्याला कॉलेजात होते आणि बायकांच्या एका संघटनेत नुकतीच जायला लागले होते. दादांना बाजारपेठ मी दाखवली. पंपाच्या दुकानांची ती गल्ली आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत पालथी घातली. पंखा पाहून कोणी हसायचं, कोणी चष्मा लावायचं. एक म्हातारा दुकानदार होता, हातातलं काम टाकून तो पंखा उजेडाकडे धरून बघत बसला.

"काका, हे कुठून आणलं? ह्याची कंपनी मेली, मालक मेला, मिस्त्रीबी मेले. तुम्हीच एक जिते निघाले."

"मिळंल का पण?" दादा म्हणाले.

"बिलकुल न्हाई. जालन्यात न्हाई, औरंगाबादेत न्हाई. कायको गल्ली-गल्ली फिरताय? नवा पंप घ्या, जल्दी सुटाल."

"पंप मपला न्हाई. लेकीच्या सासरचाय."

दुकानदारानं पंखा खाली ठेवला. "मंग सासरच्यानं घ्यावा की नवा. त्येंची विहीर, त्येंचं पाणी."

एवढी साधी गोष्ट. त्या परक्या माणसाला ती एका दमात कळली. दादांनी ती ऐकली आणि विचारलं, "भंगारात मिळंल का?"

जालन्यात भंगाराला तोटा नाही. लोखंड वितळवणाऱ्या कारखान्यांसाठी देशभरातला मोडका माल तिथं येऊन पडतो. उन्हात आम्ही ढीग उपसले. एका वखारीत तर हुबेहूब तसाच हिरवा पंप मिळाला. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. उघडून पाहिला तर आत पंखा नव्हता. आमच्याआधी कोणीतरी येऊन गेलं होतं. त्याची पण लेक असेल कुठंतरी.

शेवटी एका लेथवाल्यानं नमुन्यावरून पंखा ओतून, कातून दिला. घासून घासून बोटाला गुळगुळीत लागेल असा केला. म्हणाला, "ओरिजनलपेक्षा जास्त चालंल. न्हाई चालला तर मपल्या डोक्यात घाला."

तो घेऊन दादा आणि मी आक्काला पोचवायला गेलो. व्याह्यांनी ओसरीवर घोंगडी टाकली. चहा आला. पंखा हातात घेऊन त्यांनी उलटापालटा केला, नखानं खरडला, आणि शेजारी बसलेल्या विहीणबाईंच्या हातात दिला. जणू त्यांनाच पारख.

"हा नकलीय," विहीणबाई म्हणाल्या.

दादा म्हणाले, "लेथवर केलाय, व्याहीणबाई. बराबर मापाचाय. लावून तर बघा."

"मंग तुमच्या पंपाला लावा. आमाला तुमचा द्या. बैठकीत आमच्या पंपाला नकली देतो म्हणलते का तुम्ही?"

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मामी, तुमच्या घरात पंप नांदवायचाय का माझी बहीण?"

व्याही माझ्याकडं न बघता दादांना म्हणाले, "सोयरे, ही धाकटी शिकती का?"

"हाव. जालन्याला."

"दिसतंय. हिला देताना बोरिंगसकट द्यावं लागंल."

सगळे हसले. दादाही हसले. मी ते हसू विसरत नाही. त्यांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं आणि हसतच म्हणाले, "लहानंय वो. तुमचा पंखा येतो आठ दिवसांत. पोरीला ठिवून जातो."

"ठिवा की, पाणी शेंदायला लागंलच ती. आन् ह्योबी राहू द्या," व्याही लेथचा पंखा मांडीखाली सरकवत म्हणाले. "अडीनडीला."

म्हणजे दोन्ही त्यांचे. आक्का सोप्याच्या दारात रिकामी कपबशी घेऊन उभी होती. निघताना ती मला गोठ्यामागं ओढून म्हणाली, "तू कामून बोलती? तू बोलून एसटीत बसती. पाणी मला शेंदावं लागतं."

ते आठ दिवस तिनं शेंदलं. अडीनडीला म्हणून ठेवलेला पंखा घरात असताना शेंदलं. तो पंपाला लावला असता तर ती सून झाली असती, पण मी बोलले होते, त्याची शिक्षा तिला. पाचव्या का सहाव्या दिवशी आडापाशीच तिचं पोट पडलं. आम्हाला निरोप आला तो पंख्याचा: काढला का? पोटाचं आम्हाला कोणी सांगितलं नाही. दादा आमच्या पंपाचा पंखा घेऊन पोचले तेव्हा ती बाजेवर होती. दादांना वाटलं, ताप आलाय.

आमचा पंप त्या दिवसापासून मुका झाला. माय पूर्ण वेळ दोरावर आली. तिचा उजवा खांदा आधीच उतरलेला होता. एकदा दादा जेवताना सांगत होते, सोयऱ्यांच्या बेअरिंगचाही आवाज येतोय म्हणे, कुठं मिळतं ते बघितलं पाहिजे. मायनं भाकरी वाढता वाढता म्हटलं, "जालन्याला जाताच हायत तर मपल्या खांद्याचं सामान कुठं मिळतंय तेबी इचारून या."

दादा म्हणाले, "चेष्टा सुचती तुला."

त्या वर्षी आमच्या संघटनेचं हुंड्याविरुद्ध पत्रक निघायचं होतं. लिहायचं काम माझ्याकडं. मी यादी केली: सोनं, मोटारसायकल, टीव्ही, घड्याळ, नोकरी लावायचा खर्च. आणि त्यात लिहिलं, फूटवॉल, पंखा, बेअरिंग. कार्यालयातल्या ताईंनी वाचलं आणि लाल पेनानं ते तीन शब्द काढले.

"हे काय? लोक हसतील."

"लोकांनी हसावं म्हणूनच आमच्याकडून मागितलंय ते," मी म्हणाले.

"अगं, पण हा हुंडा होत नाही. सोयऱ्याधायऱ्यांतली मदत आहे ही. कोर्टात कोणी उभं करणार नाही."

बरोबर होतं त्यांचं. हेच तर ते लोक ओळखून होते. सोनं मागितलं तर पोरीचा बाप चार ठिकाणी रडतो, लोक नावं ठेवतात. झिजलेला पंखा मागितला तर बाप पारावर मिरवतो. वस्तू जेवढी क्षुल्लक, तेवढा नकार देणारा नीच ठरतो. 'एवढ्याशा लोखंडासाठी सोयरीक तोडली?' हे वाक्य गावात तयारच असतं, फक्त कोणाच्या दारात टाकायचं ते बघायचं. मी पत्रकात हे सगळं लिहू शकले नाही. ते पत्रक छापून झालं, मी एसटी स्टँडवर वाटलं, लोकांनी त्यात भजी बांधली.

आक्काला मी सोडवून आणायला तयार होते. तिला दहा वेळा सांगितलं. संघटनेची गाडी येईल, चार बाया येतील, तू फक्त हो म्हण. ती म्हणायची, "आन् मंग? दादांच्या घरात बसू? त्येंला पारावर तोंड दाखवता येईना व्हईल." तिचं एकच चाललेलं होतं: त्या घरात टिकायचं. पंप चालू असला की टिकता येतं, हे तिला कळलं होतं. म्हणून आमच्यापेक्षा तीच पंपाची जास्त काळजी करायला लागली. मोटारीचा आवाज बदलला की हातातलं टाकून ऐकायची. ग्रीस स्वतः भरायची. माहेरी आली की मायची विचारपूस करायच्या आधी आडाकडं जाऊन आमच्या पंपाकडं बघायची. आता यात काय काय उरलंय, ते. मी तिला एकदा तसं बघताना पाहिलं आणि मला तिची किळस आली. ती किळस खरं तर कोणाकडं जायला पाहिजे होती, ते मला माहीत होतं. तरी तिचीच आली.

बेअरिंग गेलं. शाफ्ट गेला. एकदा तर नुसता बोल्ट मागायला पाठवलं तिला, भर उन्हाळ्यात, दोन एसट्या बदलून. तो बोल्ट बाजारात कुठल्याही दुकानात मिळत होता. दादांनी तोही आमच्या पंपाचा काढून दिला. आमच्या आडावर शेवटी हिरवं टरफल उरलं, त्यात कोंबडी अंडी घालायची.

मधल्या वर्षांत तिला मूल झालं नाही. विहीणबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या आडाला निदान पाणी तरी हाये." हे वाक्य त्यांच्याकडं लग्नाकार्यात फिरून आमच्या कानावर आलं. दादा ते ऐकूनही त्यांच्याकडं जेवून आले.

मग त्यांनी बोअर घेतला. आड आटायला लागले होते, गावोगाव बोअरच्या गाड्या घुमत होत्या. त्यांच्या मळ्यात पाणी लागलं, आत बुडवायची नवी मोटार बसली, भिंतीवर बटण आलं. जुना हिरवा पंप त्यांनी उकरून उकिरड्याच्या कडेला टाकला. आमच्या फूटवॉलसकट, आमच्या पंख्यासकट. मला ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, सुटली एकदाची. आता मागतील काय?

आक्का आली ती पोळ्याच्या आधी. दुपारची वेळ, माय अंगणात धान्य निवडत होती. आक्काच्या हातात नेहमीची पिशवी होती पण ती हलकी, खांद्यावर घेतलेली. लुगड्याला डाग नव्हता.

माय सूप बाजूला ठेवून म्हणाली, "आता काय मागितलंय?"

"काय न्हाई."

"काय न्हाई म्हंजी?"

"काय न्हाई मागितलं. जा म्हणले."

मी विचारलं, "जा म्हणजे? किती दिवस?"

ती आडाच्या काठावर बसली. हळूहळू बोलली. सासरी दुसऱ्या पोरीचं बघणं चाललंय. पाहुणे येऊन गेले. दाजींनीच तिला स्टँडवर आणून सोडलं, तिकीटही काढलं. सासू म्हणाली, आता बटण दाबलं की पाणी येतंय, तुझं काय काम.

दादा आत झोपले होते, ते उठून आले. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली, उघडली. दोन लुगडी, एक तांब्या. त्यांनी लुगडी बाहेर काढून पिशवी उलटी केली आणि झटकली. त्यातून काही पडलं नाही. तरी ते पिशवीच्या तळाशी हात घालून चाचपत राहिले.

"चिठ्ठी-बिठ्ठी दिली न्हाई?"

"न्हाई."

"तोंडी काय निरोप?"

"न्हाई, दादा."

माय म्हणाली, "सोडा आता ती पिशवी."

दादांनी सोडली नाही. मग म्हणाले, "बोअरातबी काहीतरी जातच आसंल की."

दुसऱ्या दिवशी ते जालन्याला निघाले. मी त्यांना अडवायला म्हणून बरोबर गेले. स्टँडपर्यंत बोलले, एसटीत बोलले, आजूबाजूची माणसं वळून बघेपर्यंत बोलले. त्या लोकांच्या दारात हजार बाया उभ्या करीन म्हणाले. दादा खिडकीबाहेर बघत होते. जालन्यात उतरून ते सरळ पंपांच्या गल्लीत शिरले आणि मी त्यांच्यामागं.

तोच म्हातारा दुकानदार. त्यानं ओळखलं. "या काका. आज काय मोडलं?"

"मोडलं न्हाई. बोअरची मोटार असती ना, पाण्यातली. तिचं पहिल्यांदा काय जातं?"

"काय जात न्हाई. सीलबंद असती. चार-पाच वर्षं बघायचंच काम न्हाई."

"तरीबी. कवा ना कवा जाईलच. काय जातं? ते आजच घेऊन ठिवतो."

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मी दुकानाच्या पायरीवर उभी होते, पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता.

"मोटार तुमचीय?" त्यानं दादांना विचारलं.

"लेकीच्या घरचीय."

"कंच्या कंपनीचीय? किती हॉर्सपॉवर?"

दादांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. ते काउंटरवरच्या काचेवर हात ठेवून म्हणाले, "घरी लेक आलीय. तिला इचारून उद्या येतो."